तापाची जागा

घरांत मूल तापलें म्हणजे आई प्रथम त्याच्या कपाळावर हात ठेवते, मग गळ्याखालीं, मग पोटावर. आणि तीन ठिकाणीं तीन निरनिराळे निकाल मिळूनहि ती गोंधळत नाहीं. डॉक्टरांची कांचेची नळी घरोघर आल्यापासून ही हाताची विद्या मागें पडली आणि तिच्या जागीं एक आकडा आला. हा आकडा जिभेखालीं एक असतो आणि काखेंत त्याहून सुमारें अर्धा अंश सेल्सिअस कमी भरतो, हें बहुतेकांना ठाऊक असतें. तरीहि समाचाराला आलेला मनुष्य "ताप किती आहे?" एवढेंच विचारतो, "कोठें पाहिला?" असें कोणी विचारीत नाहीं. इतरांस हंसण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. आम्हीं तीस वर्षें हायस्कुलांत शास्त्र शिकविलें, आणि उष्णतामापकाचा धडा तर आमच्या विशेष आवडीचा होता. पण मापक कोठें ठेवावा या प्रश्नाला आम्हीं त्या धड्यांत दोन वाक्यांहून अधिक जागा कधीं दिली नाहीं. त्या कंजुषीचा भुर्दंड एका भलत्याच गृहस्थाला भरावा लागला, आणि तोहि रोख पैशांत. ती हकीकत सांगण्यासाठींच आज लिहावयास बसलों आहों. तेवढ्यासाठीं वाचकांना थोडा वेळ मालमोटारीच्या पोटाखालीं शिरावें लागेल, त्याला आमचा निरुपाय आहे.

आमच्या वडिलांनीं कऱ्हाडास एक डिझेलची मालमोटार घेतली होती. १९९१ सालीं ते वारले आणि हें सहा चाकांचें लोढणें एका शाळामास्तराच्या गळ्यांत पडलें. गाडीबरोबर वारसाहक्कानें आणखी एक ठेव आमच्याकडे आली, ती म्हणजे तात्या. तात्या वडिलांच्या वेळचे चालक. आमच्याहून बारा वर्षांनीं मोठे. अक्षरओळख बेताचीच, पण गाडी कोठेंहि थांबली कीं चहाचा पेला हातीं घेण्यापूर्वीं ते एकदां तिच्याभोंवतीं फिरत, आणि प्रत्येक चाकाच्या मध्याला, गिअरबॉक्सच्या बुडाला, मागल्या डिफरन्शिअलला उलटा हात लावून पाहात. उलटाच हात कां, असें आम्हीं एकदां विचारलें. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला चटका उशिरां कळतो. शिवाय उलटा हात भाजलाच तरी स्टिअरिंग धरावयास तळवा शाबूत राहतो, असें उत्तर मिळालें. पुढें वर्गांत हें उत्तर आम्हीं अनेकदां स्वतःचें म्हणून खपविलें.

चालकाच्या समोरच्या फळीवर एंजिनांतील पाण्याच्या उष्णतेचा एक कांटा होता. 'हीटचा कांटा' असें त्याला सगळे म्हणत. त्याचें दुसरें टोंक, म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी सेन्सर, एंजिनाच्या हेडवर, पाणी रेडिएटरकडे निघतें त्या तोंडाजवळ, थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेच्या अलीकडे बसविलेला होता. अलीकडे कां, तें सांगण्यासारखें आहे. सकाळीं एंजिन गार असतें तेव्हां ही झडप बंद असते आणि पाणी एंजिनांतल्या एंजिनांतच फिरतें. तें ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास तापलें म्हणजे झडप उघडून त्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देते. सेन्सर जर झडपेच्या पलीकडे बसविला, तर एंजिन तापूं लागलें तरी त्याला तेथल्या तुंबलेल्या गार पाण्याचीच वार्ता कळावयाची. आणि रेडिएटरमधून परत येणाऱ्या खालच्या पाइपांत बसविला, तर निवून आलेल्या पाण्याची. तेव्हां सर्वांत तापलेलें पाणी सर्वांत आधीं जेथें येतें, ती जागा कारखानदारानें निवडलेली असते. आमच्या गाडींतहि ती बरोबरच होती. दोष जागेचा नव्हता. किंवा होता, तें पुढें येईल.

१९९४ च्या जूनमधली गोष्ट. मुंबईहून रासायनिक खताचीं पोतीं भरून गाडी कऱ्हाडास येत होती. द्रुतगति महामार्ग त्या काळीं झालेला नव्हता. बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी असे तीन घाट एका रात्रींत चढावयाचे. पहिले दोन निर्विघ्न पार पडले. पारगांव-खंडाळा मागें टाकून खंबाटकीची चढण लागली तेव्हां रात्रीचे अडीच वाजले होते, मृगाचा पाऊस कोसळत होता, आणि धुक्यामुळें दिव्यांचा उजेड दहा हातांवर अडत होता. अर्ध्या घाटांत गाडीची ओढ एकाएकीं कमी झाली. तात्यांनीं गिअर उतरविला, गाडी कडेला घेण्यापुरती जागा पाहिली, आणि तेवढ्यांत एंजिन जें जाम झालें तें झालेंच.

दुसऱ्या दिवशीं गाडी ओढून साताऱ्यास नेली आणि एका मेस्त्रीकडे एंजिन उघडलें. हेड वांकलेलें, दोन पिस्टन लायनरला चिकटलेले, रेडिएटरांत पाण्याचा थेंब नाहीं, आणि रेडिएटरचा खालचा होज पाइप क्लिपेंतून सुटून लोंबत असलेला. मेस्त्रीनें निदान केलें तें असें : चढावर पाणी उकळलें, दाब वाढला आणि त्या दाबानें पाइप उडाला, चालकाला डुलकी लागली असावी, नाहीं तर कांटा तांबड्या रेघेवर गेलेला त्याला दिसलाच असता. तात्या बाजूला उभे होते. ते आमच्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, कांटा वर गेलाच न्हाई. उलट खाली आला. मला वाटलं, पावसानं इंजान गार पडलं."

एंजिन जळत असतां उष्णतेचा कांटा खालीं आला! आम्ही शास्त्राचे शिक्षक. आमच्यासमोर कोणीं सूर्य पश्चिमेस उगवला म्हणून सांगितलें असतें तरी आम्ही इतके चकित झालों नसतों. तरीहि न्यायाची चाड म्हणून आम्हीं तेथल्या तेथें एक प्रयोग केला. त्या प्रयोगाचा त्या दिवशीं आम्हांला फार अभिमान वाटला होता. मेस्त्रीकडून तो सेन्सर काढून घेतला, त्याच्या डोक्यावरची तार तशीच ठेविली, अंगाला दुसरी तार गुंडाळून ती बॅटरीच्या ऋण टोंकास जोडली, आणि शेजारच्या हॉटेलांतून उकळत्या पाण्याची किटली मागवून त्यांत तो पितळी तुकडा बुडविला. कांटा डुलत डुलत वर चढला आणि तांबड्या रेघेपाशीं जाऊन उभा राहिला. मेस्त्री हंसला. क्लीनर पोरगा खालीं पाहूं लागला. सेन्सर खरा, तार खरी, कांटा खरा. मग उरलें कोण? इतकें स्वच्छ अनुमान आम्हीं भूमितींतहि क्वचित् पाहिलें होतें.

त्या एंजिनाच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च तात्यांच्या पगारांतून दरमहा कापून घ्यावयाचा असें ठरलें. ठरलें म्हणजे आम्हीं ठरविलें. रात्रीं घरीं हा सगळा युक्तिवाद सांगितला तेव्हां आमच्या मंडळींनीं पोळ्या लाटतां लाटतां एवढेंच म्हटलें, "तात्यांना खोटेंच सांगायचें असतें, तर त्यांनीं याहून बरें खोटें सांगितलें असतें." हें वाक्य आम्हीं त्या वेळीं बायकी तर्कशास्त्र म्हणून सोडून दिलें. आतां कबूल करावयास हरकत नाहीं कीं त्या दिवशीं सगळ्या प्रकरणांत शास्त्रीय विचार असा तेवढा एकच झाला होता.

अठरा महिने तात्यांनीं कापलेला पगार घेतला. एकदांहि रजा मागितली नाहीं, कीं जुना विषय काढला नाहीं. अठराव्या महिन्याच्या अखेरीस त्यांनीं गाडीची किल्ली आमच्या टेबलावर ठेविली, "फिटलं न्हवं, मास्तर?" असें विचारलें, आणि आम्हीं 'होय' म्हणतांच जोडे घालून ते निघून गेले. पुढें वर्षभरांत आम्हीं ती गाडीच विकून टाकली.

मध्यंतरीं बरींच वर्षें गेलीं. मुलगा एंजिनिअर झाला आणि अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांत डेन्व्हर शहराजवळ राहूं लागला. २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्यानें एक जुनी डिझेल गाडी विकत घेतलेली होती. ही पिकअप जातीची गाडी. पुढें बसावयास जागा, मागें उघडा हौदा, आणि अंगानें आपल्याकडील लहान मालमोटारीएवढी. तिच्यांत कमिन्सचें सहा सिलिंडरांचें, ५.९ लिटरचें एंजिन होतें. हें नांव पुण्याच्या लोकांस नवें नाहीं. किर्लोस्कर आणि कमिन्स यांची भागीदारीची कंपनी १९६२ सालींच पुण्यास निघाली. तेव्हां परदेशांत एखादा दूरचा नातलग भेटावा तसें आम्हांला तें एंजिन पाहून वाटलें. चिरंजीवांचा बेत असा कीं गाडीमागें चाकांवरचें एक तीन टनांचें घर जोडून सगळ्यांनीं डोंगरांत जावें. तिकडचा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्याजवळ समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच चढतो. त्या उंचीवर हवा विरळ. एंजिनाला श्वास पुरत नाहीं, पण तेल मात्र तेवढेंच दिलें जातें, आणि धुराड्यांतला वायु भलता तापतो. गाडीच्या फळीवर पाण्याचा कांटा होता, पण धुराचा नव्हता आणि गिअरबॉक्सचाहि नव्हता. ते दोन कांटे बसवून मगच निघावयाचें, असें त्यानें ठरविलें होतें. सेन्सर आणून ठेविले होते. कोठें बसवावे हाच काय तो प्रश्न होता. "बाबा, तुम्हांला ह्यांतलें कळतें, या," असें तो म्हणाला. आम्हांला किती कळतें हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि आम्हीं सांगितलें नाहीं.

धुराचा ताप पाऱ्यानें किंवा पितळी सेन्सरनें मोजतां येत नाहीं. त्याला दोन भिन्न धातूंचा सांधा लागतो. असा सांधा तापविला कीं तारेंत अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न होतो, हें सीबेक या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखविलें. दर अंशाला हा दाब एका व्होल्टाच्या सुमारें चाळीस दशलक्षांश इतकाच असतो, पण कांटा हलवावयास तेवढा पुरतो. ही सळई टर्बोच्या आधीं, सिलिंडरांतून धूर निघतो त्या ओतीव मॅनिफोल्डमध्यें बसवावी, कीं टर्बोच्या नंतर? नंतर बसविणें सोपें आणि निर्धास्त. सळईचें टोंक तुटलेंच तर तें टर्बोच्या पंख्यांत न जातां धुराड्यावाटे बाहेर पडेल. पण टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, त्या कामांत धूर निवतो. आणि किती निवतो याचें प्रमाण ठरलेलें नसतें. एंजिन नुसतें चालू असतां फरक फारच थोडा, आणि भरल्या गाडीनें चढ चढतांना शंभर-दीडशे अंश सेल्सिअस, कधीं त्याहूनहि अधिक. म्हणजे जेव्हां माहितीची खरी गरज, तेव्हांच ती सर्वांत अधिक चुकीची. तेव्हां टर्बोच्या आधींच बसवावयाची ठरली.

त्यांतहि एक मेख निघाली. या एंजिनाच्या मॅनिफोल्डचे आंतून दोन भाग असतात. पुढल्या तीन सिलिंडरांचा धूर एका वाटेनें व मागल्या तिहींचा दुसऱ्या वाटेनें टर्बोंत जातो. ज्या वाटेंत सळई बसवावी तिनें तीनच सिलिंडरांची वार्ता द्यावयाची. उरलेल्या तिघांत एखादा फवारा बिघडून आग ओकूं लागला तरी कांटा शांत. मुलानें मागली वाट पसंत केली. आम्हीं कारण विचारलें, तर तेथें ड्रिल धरावयास हात पोंचतो, असें त्यानें सांगितलें. पुस्तकांत देतात त्या कारणांपेक्षां हें कारण आम्हांला अधिक विश्वसनीय वाटलें.

ओतीव लोखंडाला आठ-नऊ मिलिमीटरचें भोंक पाडावयाचें आणि त्याचा कीस आंत पडूं द्यावयाचा नाहीं, कारण मिनिटाला हजारों फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पंख्याला लोखंडाचा एक कण म्हणजे बंदुकीची गोळीच. ड्रिलच्या टोंकाला चिकट ग्रीस माखून, दर दोन-चार फेऱ्यांनीं बाहेर काढून, पुसून, शेवटीं लोहचुंबकाची कांडी आंत फिरवून, असें तें काम अडीच तास चाललें. विजेरी धरण्याचें काम आमच्याकडे होतें, आणि तें आम्हीं निर्दोष केलें. धुराचा ताप १,२५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारें ६७५ अंश सेल्सिअसच्या वर फार वेळ राहूं द्यावयाचा नाहीं, असा त्या गाडीवाल्यांचा संकेत आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे संकेताची भाषा कळते. पिस्टनला खालून तेलाची पिचकारी व बाजूनें पाण्याची गारवण असते म्हणून तो जगतो. पण त्या दयेलाहि सीमा आहे.

राहिला गिअरबॉक्स. आमच्या जुन्या गाडीचा गिअर हातानें टाकावयाचा असे. त्याला तात्यांचा उलटा हात पुरे होता. ही गाडी आपण होऊन गिअर बदलणारी. तिच्यांत क्लचच्या ऐवजीं तेलांत बुडालेले दोन पंखे समोरासमोर असतात. एंजिन एका पंख्याला फिरवितें, त्या पंख्यानें भिरकावलेलें तेल दुसऱ्याला फिरवितें, आणि तो चाकांना. ओझें ओढीत चढतांना पहिला पंखा पुढें धांवतो, दुसरा मागें रेंगाळतो, आणि दोहोंमधली ही तफावत उष्णता होऊन तेलांत उतरते. तें कढत तेल एका नळीनें गारवणीच्या जाळीकडे जातें आणि निवून, आंतल्या भागांना वंगण देत, शेवटीं बुडाच्या पत्र्याच्या चेंबरमध्यें जमतें. तेथूनच पंप तें पुन्हां उचलतो.

येथें बापलेकांचा खरा वाद झाला. मुलाचें म्हणणें, सेन्सर त्या कढत नळींतच बसवावा. संकट जेथें जन्मतें तेथेंच चौकी पाहिजे. आमचें म्हणणें, त्या नळींतला कांटा उतावळा. एका वळणावर तीस-चाळीस अंश चढेल, पुढल्या सपाटीवर तितकाच उतरेल, आणि चालक एक तर भिऊन जाईल किंवा दोन दिवसांत त्याच्याकडे पाहावयाचेंच सोडील. तेल एकंदरींत किती तापलें, त्याचें आयुष्य किती उरलें, हें चेंबरांतच कळतें. परत येणाऱ्या नळीचा तिसरा पर्याय होता, पण तेथें गारवणीची जाळी काम करते कीं नाहीं एवढेंच कळतें. तो दोघांनींहि मोडीत काढला. शेवटीं चेंबर ठरलें. वडीलकीचा मान म्हणून नव्हे. चेंबरचा पत्रा सुटा करून टेबलावर आणतां येतो, आणि गाडीखालीं उताणें पडून नळी कापण्याचा दोघांनाहि कंटाळा आला होता म्हणून.

पत्रा टेबलावर आला. सेन्सर बुडाला बसवावा तर रस्त्यावरचा धोंडा त्याला उडवील. म्हणून तो बाजूच्या भिंतीला बसवावा, हें उघड होतें. मुलगा सेन्सरच्या आट्यांवर गळतीसाठीं पांढरी पट्टी गुंडाळूं लागला, तेव्हां आम्हीं त्याचा हात धरला. एका तारेच्या सेन्सरचा विजेचा परतीचा मार्ग त्याच्या आट्यांतूनच असतो; तेथें पट्टी दाटली तर संबंध तुटून कांटा भलतेंच दाखवावयाचा. इतक्या दिवसांत मुलानें आमच्याकडे आदरानें पाहिलें तें याच वेळीं. मग आम्हीं खडूनें भिंतीवर एक खूण केली. कडेपासून सोईस्कर अंतरावर, थोडी उंच. मुलानें ती पुसली आणि दोन बोटें खालीं दुसरी केली.

"तेथें नको, बाबा. चढावर तेल मागें सरतें. थोडी गळती झाली तरी पातळी उतरते. सेन्सर तेलाबाहेर पडला, कीं तो हवेचा ताप सांगूं लागतो, आणि कांटा खालीं येतो. तेल संपत आलें असतांना नेमका गार दाखवितो. पाण्याच्या सेन्सरचें हेंच होतें. एकदां पाणी गेलें, कीं एंजिन लाल होईपर्यंत कांटा खालीं."

आम्हीं खडू खालीं ठेविला.

मुलगा आपल्या नादांत पुढें बोलत होता. पाणी धातूला घट्ट बिलगतें आणि आपली उष्णता त्याला तात्काळ देतें. हवेला तें साधत नाहीं. म्हणून नव्या मालमोटारींत रेडिएटरच्या टाकींत पाण्याची पातळी पाहणारा वेगळा सेन्सर असतो, आणि कांहीं एंजिनांत उष्णतेचा सेन्सर पाण्यांत न ठेवतां हेडच्या कोरड्या धातूंतच बसवितात. आम्ही ऐकत होतों, पण डोळ्यांपुढें साताऱ्याची ती किटली होती. किटलींत पाणी होतें. आम्हीं त्या सेन्सरला पाण्यांत बुडवून विचारलें, आणि त्यानें खरें उत्तर दिलें. खंबाटकीच्या अर्ध्या घाटांत तो ज्या पोकळींत लोंबत होता, त्या पोकळींत धरून त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें. पाणी उकळून पाइप उडाला नव्हता. क्लीप आधीं सुटली, पाणी पावसाच्या पाण्यांत मिसळून रस्त्यावर वाहून गेलें, जी काय वाफ झाली ती धुक्यांत दिसली नाहीं, आणि कांटा खालीं आला. तात्यांनीं सांगितलें होतें त्याच क्रमानें, त्याच शब्दांत. एकोणतीस वर्षें तें वाक्य आमच्या कानांत होतें, आणि आम्हीं मुलांना उष्णतेचें वहन शिकवीत होतों.

त्या रात्रीं आम्हीं मंडळींना सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें, "पत्ता ठाऊक आहे का त्यांचा?" असें मात्र त्यांनीं विचारलें.

डोंगरांतली सहल यथासांग झाली. बोगद्याच्या चढावर धुराचा कांटा सहाशेंच्या पलीकडे गेला तेव्हां मुलानें पाय सैल केला आणि तो उतरला. चेंबरचा कांटा सावकाश चढून नव्वदीच्या आसपास स्थिर राहिला. देखावा फार सुंदर होता म्हणतात.

नोव्हेंबरांत आम्ही परत आलों आणि तात्यांचा पत्ता काढला. पाटण तालुक्यांतल्या आपल्या गांवीं ते थोरल्या मुलाजवळ राहतात. ऐंशी वर्षें झालीं, दृष्टि मंदावली आहे, पण ओटीवर ताठ बसतात. आम्हांला आवाजावरून ओळखून त्यांनीं सुनेला चहा ठेवावयास सांगितलें. आम्हीं सगळा प्रकार जसा घडला तसा सांगितला. किटलीचा प्रयोग आमचा, निकाल आमचा, आणि चूक आमची, हेंहि सांगितलें. ते ऐकत राहिले. शेवटीं म्हणाले, "म्या तवाच म्हनलं हुतं." त्यांत राग नव्हता, आणि क्षमाहि नव्हती, केलेल्या फेरीची नोंद वहींत मांडावी तसा तो स्वर होता.

अठरा महिन्यांची कापलेली रक्कम आम्हीं बॅंकेच्या दरानें व्याज धरून पाकिटांत घातली होती. तें पुढें करतांना आमचा हात अवघडला. त्यांना अपमान वाटेल, ते नको म्हणतील, मग आम्ही आग्रह करूं, असा एक प्रवेश आम्हीं वाटेंत मनाशीं रचून ठेविला होता. तो फुकट गेला. तात्यांनीं पाकीट घेतलें, नातवाला हांक मारून नोटा मोजावयास लावल्या, "याज बी धरलं का?" असें विचारलें, आम्हीं होय म्हटल्यावर मान हलविली, आणि पाकीट उशाखालीं सारलें.

मग त्यांनीं मुलाच्या गाडीची चौकशी केली. आम्हीं अंगणांतली काडी उचलून, ओटीच्या सारवणावर रेघ उमटेल अशा बेतानें, मॅनिफोल्ड, टर्बो आणि चेंबर काढून दाखविलें; दिसत नाहीं म्हटल्यावर त्यांचें बोट धरून रेघेवरून फिरविलें. चेंबरच्या भिंतीवरची खूण दाखवितांना मुलानें ती दोन बोटें खालीं घेतली होती, तेंहि सांगितलें. तात्यांना तें पटलें. पाण्याची पातळी पाहणारी घंटाहि त्यानें रेडिएटरला बसविली, हें ऐकून ते "ब्येस" म्हणाले. क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, "आन् खालच्या पायपाला क्लीप कोनची हाय? पत्र्याची का तारेची?"

हें आम्हीं पाहिलें नव्हतें. मुलानेंहि पाहिलें असेल असें वाटेना. त्याच रात्रीं कऱ्हाडास पोंचल्यावर आम्हीं अमेरिकेस फोन लावला.